फुलेश्वरीचा वार्षिक दुखणे-आराखडा

फुलेश्वरी साहू हिने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी रक्ताचे नमुने घेण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. तिला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. इतकी वर्षे दवाखान्यातल्या लोकांनी तिच्या हाताला सुया टोचल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या चुकल्या होत्या. या विषयातला तिच्याइतका दांडगा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. फक्त तो सुईच्या टोकाकडचा होता, आणि आता तिला सुईच्या दुसऱ्या बाजूला जायचे होते. धानाच्या रोपणीला गुडघाभर पाण्यात उभे राहिले की तिचे सांधे धरत. वर्षभर शिकून परीक्षा पास झाली, तर सरकारी दवाखान्यात खुर्चीवर बसून करायचे काम मिळणार होते. दुसरी कुठली खुर्ची तिच्या वाटेला येण्याची चिन्हे नव्हती.

शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायांसाठी महानदीकाठी काढलेल्या त्या पुनःप्रवेश केंद्रात पहिला महिना सुरळीत गेला. नोव्हेंबरात थंडी पडली, हाडांत कळा सुरू झाल्या, आणि चार दिवस अंथरुणात काढून ती आजारपणाचा अर्ज घेऊन हेडक्लार्कपुढे, म्हणजे बडेबाबू चंद्राकरांपुढे, उभी राहिली.

बडेबाबूंनी अर्ज चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"नोनी," ते लेकीला म्हणावे तसे म्हणाले, "हा अर्ज आज आला."

"आजच उठता आलं, बडेबाबू."

"आजारपणाचा अर्ज पंधरा दिवस आधी यायला हवा. नियम सतरा."

"पण दुखणार हे मला पंधरा दिवस आधी कसं कळणार?"

बडेबाबूंना वाईट वाटले. माणूस दुष्ट नव्हता. उठून त्यांनी कपाटातून एक गलेलठ्ठ फाइल काढली.

"अठ्ठावीस वर्षं हे टेबल सांभाळतोय, पोरी. ज्याला आधी कळलं नाही असा एक माणूस भेटला नाही. या आमच्या देवांगन मॅडम. दरवर्षी तीजच्या सणाला त्यांना चक्कर येते. माहेरी गेल्यावरच येते, पण अर्ज महिनाभर आधी! हे वर्मा सर. मेव्हण्याच्या लग्नात यांची कंबर धरली. अर्ज साखरपुड्यालाच दिला होता. आणि हा बघ." त्यांनी एक कागद अलगद वर काढला आणि खालचे नाव अंगठ्याने झाकले. "हा आदर्श अर्ज. शेजारच्या राज्यातून नमुना म्हणून मागवलाय. शुक्रवारी ताप येणार, सोमवारी रात्री उतरणार. किती येणार तेसुद्धा आधीच लिहिलंय, एकशे एक पूर्णांक चार. याला म्हणतात आजारी पडणं! तुझ्या दुखण्याला काही शिस्त आहे का?"

फुलेश्वरीने मान खाली घातली. आपण जन्मभर बेशिस्तपणे आजारी पडत आलो, हे तिला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

प्रकरण प्राचार्य तिवारींकडे गेले. ते कनवाळू असल्यामुळे त्यांनी ताबडतोब एक तक्ता तयार करवला. त्याचे नाव 'वार्षिक रुग्णता आराखडा'. त्यात वर्षभराच्या दुखण्याच्या तारखा, दुखण्याचे ठिकाण आणि वेदनेचे अपेक्षित प्रमाण आधीच भरायचे होते.

"सगळीकडे डावाच गुडघा का लिहिलाय?" प्राचार्यांनी विचारले. "एकाच अवयवावर भार नको. आलटून पालटून घ्या. खांद्यांनाही संधी द्या."

वाट्याला आलेल्या दुखण्याच्या दिवसांतले शेवटचे तीन कुठे टाकावेत हे फुलेश्वरीला सुचेना. बडेबाबू मदतीला धावले. "तीजच्या आठवड्यात टाकतो. तेव्हा सगळ्यांचंच दुखतं, मंजुरी पटकन मिळते." परीक्षा जुलैत होती आणि तीज सप्टेंबरात, तेव्हा हरकत घेण्याजोगे त्यात काही नव्हते. आराखडा मंजूर झाला आणि त्याची एक प्रत फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेली.

पहिली कळ आराखड्यातल्या तारखेच्या नऊ दिवस आधी आली. फुलेश्वरीला नोटीस मिळाली: 'विनापरवानगी वेदना'. मंजूर तारीख उजाडली तेव्हा ती ठणठणीत होती, म्हणून वर्गाला आली. पहारेकऱ्याने फाटकातच अडवले.

"दीदी, आज तुमचा डावा गुडघा दुखतोय."

"नाही दुखत, भाऊ. हे बघा, चालतेय की मी!"

"चालून दाखवू नका हो! मी पाहिलं तर मला वर कळवावं लागेल."

त्याने पाहिले होते, म्हणून त्याने कळवले. दुसरी नोटीस आली: 'मंजूर आजाराचा अपव्यय'. तिसऱ्या नोटिशीला नाव कापले जाणार होते. तेव्हा फुलेश्वरी नियमाला शरण गेली. कळा येत तेव्हा ती शाल गुंडाळून, दात आवळून वर्गात बसे. आणि मंजूर तारखांना, अंगात घोड्याचे बळ असताना, घरी पडून छताचे वासे मोजी. अशा रीतीने तिची हजेरी चोख भरली. प्राचार्यांनी सभेत तिचे उदाहरण दिले. "इच्छाशक्ती असली," ते म्हणाले, "की आजारसुद्धा सुधारतो."

आणि मग दिल्लीने परीक्षा पुढे ढकलली. दिल्लीला तीज ठाऊक नसते. नवी तारीख तीजच्या दुसऱ्या दिवसाची आली.

रिवाजाप्रमाणे फुलेश्वरीचा भाऊ तिला माहेरी न्यायला लुगडे घेऊन आला होता. तिने त्याला परत पाठवले.

"कमाल आहे तुझी," तो म्हणाला. "दुखत होतं तेव्हा दरवर्षी आलीस. यंदा धडधाकट आहेस तर म्हणे येत नाही!"

परीक्षेच्या सकाळी तिला खरोखरच कुठे दुखत नव्हते. फाटकावर पहारेकऱ्याने तक्ता पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"दीदी, उजवा खांदा."

ती त्याच खांद्याने फाटक ढकलून आत गेली. बडेबाबूंची खुर्ची रिकामी होती. बहिणीला आणायला गेल्यापासून त्यांना मूळव्याधीचा त्रास होत होता. देवांगन मॅडमना माहेरी चक्कर येत होती. परीक्षेत ज्यांच्या हातातून रक्त काढायचे, त्या कर्मचाऱ्यांच्या यादीत बाया माहेरी आजारी होत्या आणि पुरुष बहिणींना आणायला जाऊन आजारी होते. राजधानीहून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते. सहा परीक्षार्थी होत्या आणि हात एकही नव्हता.

फुलेश्वरीला पाहताच प्राचार्यांचा चेहरा उजळला.

"परीक्षार्थी म्हणून तुम्हाला आत घेता येणार नाही. आज तुम्ही रुग्ण आहात, माझीच सही आहे. पण रुग्णाने आत यायला कुठल्याच नियमाची हरकत नाही. उलट रुग्णांचीच टंचाई आहे!"

"आणि माझी परीक्षा, सर?"

"आधी बऱ्या व्हा."

तिला खुर्चीवर बसवण्यात आले. खुर्ची मिळाली खरी, फक्त टेबलाच्या जुन्याच बाजूची. समोर तिच्याच वर्गातली एकोणीस वर्षांची ओमिन निषाद सुई धरून उभी होती.

"दीदी, शीरच सापडत नाही."

"कोपराच्या घडीत शोधू नकोस, तिथं सगळ्यांनी खणून ठेवलंय. मनगटाच्या वर बघ. हां. ती पळते, अंगठ्यानं धरून ठेव. रडू नकोस गं, दुखतंय मला की तुला?"

सहा मुलींनी सहा वेळा टोचले आणि साऱ्या पास झाल्या. इतकी उत्तम तयारी आपण कुठे पाहिली नाही, असा शेरा परीक्षकांनी मारला. केंद्राला प्रशस्तिपत्र मिळाले, आणि फुलेश्वरीला 'सहकार्यशील रुग्ण' म्हणून आभारपत्र.

पाच दिवसांनी बडेबाबू टवटवीत होऊन परतले. सगळे ऐकून त्यांचा जीव हळहळला. डब्यातली तीजची तळलेली ठेठरी त्यांनी तिच्यापुढे केली.

"पुढच्या वर्षी पुन्हा नाव घाल, नोनी. या खेपेला आराखडा नीट भर. मी आदर्श अर्जच जोडून देतो, बघून लिही."

त्यांनी तो कागद काढला. ठेठरीच्या तेलाने अंगठा घसरला आणि फुलेश्वरीने खालचे नाव वाचले.

"हे आता बरे आहेत का?"

"ठणठणीत! मंगळवारी सकाळी कामावर हजर."

"मग पुढच्या परीक्षेला हात यांचा मागवा, बडेबाबू."

बडेबाबूंनी तशी नोंद केली आहे. वाचकहो, नाव तुमचे होते. तो शुक्रवार आठवत असेलच. परीक्षेची तारीख तुम्हाला पंधरा दिवस आधी कळवण्यात येईल. आजारी पडायला तेवढे पुरतात.