पाच पट्ट्या खाली

मुलांच्या दृढीकरणाच्या संस्कारासाठी बिशप येणार म्हणून चर्चमधली प्रत्येक वस्तू पुसून काढायची असं महिला मंडळाने ठरवलं, आणि प्रत्येक वस्तूत विजेवर चालणारा ऑर्गनही आला. त्यावर गेली अकरा वर्षं जाड निळं कापड असे आणि मास्तरांशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. मास्तरांचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं आणि रविवारी ते मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, ऑर्गन वाजवत. तो पुसण्याचं काम त्यांच्या बायकोने स्वतःहून मागून घेतलं. नवऱ्याच्या वस्तूला दुसरीने का हात लावावा, असं तिचं म्हणणं. तिने झाकण पुसलं, पाय पुसले आणि मग ओल्या फडक्याने एकेक बटण दाबून दाबून इतकं चकचकीत केलं, की बटणांवरची अक्षरंसुद्धा निघून गेली.

या बटणांमध्ये एक जोडी पट्टी बदलण्याची होती. एक दाबलं की सगळा ऑर्गन एक पट्टी वर चढे, दुसरं दाबलं की एक पट्टी खाली उतरे, आणि दाबून ठेवलं तर चढत किंवा उतरतच राही. मास्तर ती कधी वापरत नसत, कारण पट्टी ठरवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते ताईंचं होतं.

ताई म्हणजे मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण. बावीस वर्षं गायकवृंद त्यांच्या ताब्यात होता. त्यांचा आवाज बारीक, धारदार आणि फार उंच जाणारा, त्यामुळे चर्चमधली सगळी गाणी उंच पट्टीत बसवलेली. बायका ओढूनताणून तिथपर्यंत पोचत. पुरुष प्रयत्नच करत नसत. ते हाताची घडी घालून उभे राहत आणि गाणं संपलं की बसत. फादरांनी दोनतीनदा प्रवचनात सांगून पाहिलं होतं, की उपासनेत सगळ्यांनी गायला हवं. ताईंनी त्यावर मान डोलावली होती आणि पुढच्या रविवारी पट्टी होती तिथेच ठेवली होती.

न गाणाऱ्यांत ताईंचे यजमानही होते, म्हणजे मास्तरांचे साडू. हे गृहस्थ पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याचं काम करत आणि घरी-दारी शक्यतो बोलत नसत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते चर्चमध्ये गायला लागले होते. तेव्हा ताईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं, की तुमचा आवाज वर जात नाही, तेव्हा नुसते ओठ हलवा. त्यांनी काही दिवस ओठ हलवले आणि मग तेही सोडून दिलं.

दृढीकरणाच्या दिवशी चर्चमध्ये चाळीस मुलं रांगेत कसं यायचं ते शिकत होती, म्हणून गायकवृंदाचा सराव शेजारच्या कार्यालयात वाद्याशिवायच झाला. मिस्सेआधी वीस मिनिटं ऑर्गनवर एकदा म्हणून बघायचं ठरलं होतं. पण बिशपांची गाडी वीस मिनिटं आधीच येऊन उभी राहिली. पाहुण्यांना बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून फादरांनी घंटा वाजवायला सांगितलं आणि मास्तर धावत ऑर्गनपाशी पोचले.

प्रवेशगीताचा पहिला सूर लागला आणि ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. ऑर्गन तीन पट्ट्या वर चढला होता. एरवीच छताला टेकणारं गाणं आता छताच्या पलीकडून सुरू होत होतं. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं, पण बिशप दारातून आत पाऊल टाकत होते आणि माघार घेणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीला दोघी गळल्या, दुसरीला पाच. तिसऱ्या ओळीला ताई एकट्या उरल्या, लाल झालेल्या, टाचा उचललेल्या. पुढच्या बाकावरच्या एका तान्ह्या बाळाने त्यांना साथ दिली. बिशपांनी चालता चालता डोक्यावरचा टोप एका हाताने धरला, का ते कुणाला कळलं नाही.

मास्तरांच्या लक्षात आलं होतं काय झालंय ते, पण चकचकीत केलेल्या बटणांपैकी ते बटण कुठलं हे काही केल्या दिसेना. पहिलं वाचन चालू असताना त्यांनी आवाज अगदी बंद करून एकेक बटण चाचपलं आणि शेवटी अंदाजाने एक दाबलं. फडक्याचं पाणी आत शिरून ते चिकट झालं होतं. दाबलं ते वर येईना. नखाने उचकटून काढेपर्यंत त्याचं काम करून झालं होतं, आणि पट्टीचा आकडा दाखवणारी खिडकी तर कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेली.

स्तोत्र सुरू करायची वेळ झाली. मास्तरांनी सूर दिला आणि तो जमिनीवर पसरला. नेहमीच्या जागेपासून पाच पट्ट्या खाली.

ताईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती हवा आली. त्यांनी घसा साफ करून पुन्हा प्रयत्न केला. इतक्या खाली त्यांच्याकडे आवाज नव्हताच. मागच्या बायकांनी ताईंकडे पाहिलं आणि ताई गात नाहीत म्हणून त्याही गप्प राहिल्या. ऑर्गन एकटा वाजत राहिला. फादरांनी डोळे मिटून घेतले. बायको बाकावरून मास्तरांकडे अशी पाहत होती, की हे काय चालवलंय तुम्ही.

तेवढ्यात मधल्या बाकांवरून कुणीतरी गायला लागलं. आवाज जाड होता, भरदार होता, आणि बरोबर सुरात होता. लोक वळून बघायला लागले. मास्तरांनी मान उंचावली. साडू उभे होते. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, नजर समोर, आणि गात होते.

प्रतिसादाची, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळीची, दुसरी खेप आली तेव्हा दारापाशी उभा असलेला बेकरीवाला त्यांना मिळाला. मग त्याच्या शेजारचा बसचालक, मग दोन सुतार भाऊ, मग औषधांच्या दुकानदाराचे ऐंशी वर्षांचे वडील. बावीस वर्षं ही माणसं तीच गाणी ऐकत आली होती. शब्द सगळ्यांना तोंडपाठ होते, फक्त तिथपर्यंत हात पोचत नव्हता, आणि आज गाणं त्यांच्या हाताशी येऊन बसलं होतं. शेवटच्या प्रतिसादाला खिडक्यांच्या काचा बारीक थरथरल्या.

बिशपांचं प्रवचन चालू असताना मास्तरांना पट्टी पूर्ववत करायला भरपूर वेळ मिळाला. बटणं आता त्यांना ओळखता येत होती. वर चढवणारं बटण पाच वेळा दाबलं की काम झालं असतं. ताईंनी वाकून त्यांच्या कानात सांगितलंही.

"अर्पणगीताआधी ते नीट कर," त्या म्हणाल्या. "माझ्या पट्टीत हवंय मला."

मास्तरांनी हो म्हटलं आणि बटणावर बोट ठेवलं. ताईंचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. बायकोच्या माहेरचा प्रश्न होता, आणि ताईंचा राग महिनोन्‌महिने चाले. त्यांनी साडूंकडे पाहिलं. साडू प्रवचन ऐकत नव्हते. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं होतं आणि पुढचं गाणं काढून, पानावर बोट ठेवून वाट बघत होते.

मास्तरांनी बटणावरचं बोट उचललं.

अर्पणगीताचा सूर पाच पट्ट्या खालीच लागला. ताईंनी एक पाऊल पुढे टाकलं, पण तोवर सगळं चर्च उभं राहून गायला लागलं होतं. पुरुषांचा आवाज खालून भिंतीसारखा उभा राहिला. बायका काही क्षण गोंधळल्या आणि मग मुलांबरोबर वरच्या अंगाने त्यात मिसळल्या. दृढीकरण झालेली चाळीस मुलं आपल्या बापांकडे तोंड वासून बघत गात होती. वेदीवर फादर गात होते आणि गाता गाता त्यांनी दोनदा चष्मा पुसला. समारोपगीताची कडवी संपली तरी लोक थांबेनात, म्हणून मास्तरांना पहिलं कडवं पुन्हा वाजवावं लागलं आणि बिशपांना दारातून परत तीन पावलं आत यावं लागलं.

मिस्सा संपल्यावर अंगणात ताई मास्तरांना शोधत आल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं आणि ते बरंच होतं. पण वाटेत त्यांना बिशपांनी गाठलं.

"गायकवृंद तुम्ही चालवता ना?" ते म्हणाले. "मी इतक्या ठिकाणी जातो. सगळीकडे वृंद गातो आणि लोक ऐकतात. स्वतः गप्प राहून लोकांना गाऊ देणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत."

ताईंनी एकदा बिशपांकडे आणि एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, की आपण फक्त आपलं कर्तव्य केलं.

बुधवारच्या सरावाला एकोणीस पुरुष आले. बाकं कमी पडली. साडू सगळ्यांत आधी येऊन बसले होते. ताईंनी शिस्तीत नव्या लोकांना रांगा लावून दिल्या, बेकरीवाल्याला दोनदा दटावलं आणि बायकांसाठी वरचा वेगळा सूर बसवून घेतला. पट्टी मात्र त्यांनी पाच खाली होती तिथेच ठेवली.

सराव संपल्यावर ताई आणि साडू चालत घरी निघाले. साडू गात होते, रस्त्यावरची माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्याने. ताई शेजारून ऐकत चालल्या होत्या. कोपऱ्यावर दुसऱ्या कडव्याची ओळ साडूंना आठवेना, तेव्हा ते थांबले. ताईंनी त्यांना ओळ सांगितली, नुसती बोलून, आणि मग ते सुरू करेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.