शिंप्याच्या आईचं जतन

मेल्यावर माणसाला मान मिळतो असं म्हणतात, पण नुसतं मरून भागत नाही; पुरेसं जुनंही व्हावं लागतं. राजधानीला लागून असलेल्या त्या उपनगरात हे सत्य सर्वांत आधी शिंप्याला कळलं, कारण ते त्याच्याच घरात खोदताना सापडलं.

शिंप्याची आई थकली होती. संडास वरच्या मजल्यावर, आणि जिना म्हटला की तिचे गुडघे संपावर जायचे. शिंपी तिला पाठुंगळी घेऊन चढायचा. तिच्या हालांनी त्याचा जीव तुटायचा, शिवाय पाठही कुरकुरायला लागली होती. म्हणून त्याने शिलाई मशीन सरकवून तळमजल्यावर कमोडसाठी खड्डा घेतला. कंबरभर खोलीवर प्लंबरच्या पहारीला एक जबडा लागला. प्रागैतिहासिक, दात सात (आईचे चार).

पुरातत्त्व खात्याच्या बाई राजधानीतून तातडीने, म्हणजे पुढच्या महिन्यात, आल्या. जबडा राजधानीच्या दिशेला वळलेला आहे, त्या अर्थी हा मनुष्य रोज कामाला तिकडेच जात असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. (त्या काळी राजधानी नव्हती, यावरून त्याची दूरदृष्टी दिसते.) ज्याच्या घराखाली हाडं सापडतील त्याला 'हाडाचा रहिवासी' म्हणावं, असा ठराव नगरपालिकेने केला आणि पहिला मान शिंप्याला दिला. फक्त खड्ड्याच्या आसपास काहीही बांधायला त्याला मनाई झाली.

शिंप्याने बाईंपुढे हात जोडले. "आईला जिना चढवत नाही हो. तेवढं कमोड बसवू द्या."

"त्यांना म्हणावं, धीर धरा," बाई जबड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "यांनी नाही का धरला?"

मग जबड्याला छप्पर मिळालं (घराचं होतंच, हे त्याच्या खाली). दिवा मिळाला. दमट हवा बाधू नये म्हणून पंखाही मिळाला. ते पाहून आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्याला वारा आणि जित्याला घाम, हा कुठला न्याय, असं म्हणून तिने पंख्याखाली खुर्ची टाकली आणि दिवसभर तिथेच बसायला लागली.

यथावकाश तपासणी पथक आलं आणि त्याने नोंद केली: जबडा, एक. खुर्ची, लाकडी, एक. बसलेली आकृती, स्त्री, एक. ही हलते का, असं पथकप्रमुखांनी विचारलं. हलताना आढळलेली नाही, तक्रारही नाही, असं बाईंनी सांगितलं. शिंपी तोंड उघडणार, एवढ्यात आकृतीने त्याला चिमटा काढला.

"मेल्या, गप बस," आई ओठ न हलवता पुटपुटली. "जतनाला काय काय लागतं ते विचारतील, तेव्हा बोल."

विचारलंच. दोन वेळचं जेवण, चहा आणि हाताच्या अंतरावर एक कमोड, असं शिंप्याने सांगितलं. जतनाच्या कामात मनाई आड येत नाही, त्यामुळे आठवड्याभरात कमोड बसलं. शिंप्याला इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाला कबूल केलेल्या तारखेला कपडे दिले.

आई आता दहा ते पाच बसते. कुणी हात लावू नये म्हणून भोवती दोरी बांधली आहे आणि पुढ्यात पाटी आहे: 'उपविष्ट स्त्री, काळ अनिश्चित.' त्यातलं 'अनिश्चित' तिला फार आवडलं. खरं वय तिने आजवर डॉक्टरलाही सांगितलेलं नाही.

खातं मात्र एवढ्यावर थांबलं नाही. एका जागी बसणं, नजर समोर, डोळ्यांदेखत काहीही घडलं तरी तोंडातून अवाक्षर नाही, अशी अवशेषांची लक्षणं ठरवून त्याने घरोघर पाहणी केली. शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक अवशेष निघाले. (उरलेले दोघे परगावी गेले होते.) पाहणी आता उपनगराबाहेरही सुरू आहे.

एका म्हातारीला आपल्याच घरात कमोड मिळावं म्हणून दगडासारखं बसावं लागलं, हे सगळं तुम्ही आत्ता वाचलंत. जागचे हलला नाहीत, कुठे हरकत घेतली नाहीत, मधे थोडं हसलातही. हसण्याकडे खातं दुर्लक्ष करेल. तसेच बसा, माणसं तुमच्याभोवती दोरी बांधायला निघाली आहेत.