एस्तेरचा गुण्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली एस्तेर भोसले हार्डवेअरच्या दुकानात शिरली की आधी पर्स उघडते. दुकानदाराला वाटतं, बाई पैसे काढतायत. ती काढते प्लायवुडचा एक तुकडा आणि टोक केलेली पेन्सिल.

"बेटा, गुनिया दिखाओ," ती म्हणते, "जितने हैं, सब."

ईरा आणि नील, मागच्या नाताळात तुम्ही माझ्याकडे आला होतात तेव्हा हिच्याच घरी शंकरपाळ्या खाल्ल्या होत्या. सगळ्या शंकरपाळ्या एकसारख्या कशा, असं नीलनं मला परतताना जिन्यात विचारलं होतं. तेव्हा उत्तर द्यायचं राहिलं. ते आता सावकाश देते.

सुतार लाकडावर काटकोन आखायला जे हत्यार वापरतो, तो गुण्या. एस्तेरला हवा होता त्याचा सरकता प्रकार. दुकानात त्याला कॉम्बिनेशन स्क्वेअर म्हणतात. एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारं, स्क्रूनं घट्ट होणारं जाड डोकं. त्यानं काटकोन आखता येतो, पंचेचाळीस अंश आखता येतात, खाचेची खोलीसुद्धा मापता येते. शंकरपाळ्याही कापता येतात, हे एस्तेरनं त्यात स्वतःच्या जबाबदारीवर वाढवलं आहे.

तो खरा की खोटा हे ओळखायची तिची परीक्षा साधी आहे. लाकडाच्या सरळ कडेला गुण्याचं डोकं टेकवायचं आणि पट्टीलगत रेघ ओढायची. मग गुण्या उलटवायचा, उजवीकडचं डोकं डावीकडे करायचं, आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना कात्रीसारख्या फाकल्या तर खोटा.

"आणि चूक असते त्याच्या दुप्पट दिसते," एस्तेर मोठ्या समाधानानं सांगते. "बिचारीला लपायला जागाच नाही."

एस्तेर मूळची नगरची. लग्न होऊन दिल्लीला आली आणि सगळी नोकरी तिनं एका सरकारी खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये केली. तेव्हा बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणत. त्याचं तिला काही वाटलं नाही. बोर्डावर कागद वाकडा लावलेला दिसला तर मात्र वाटायचं. अजूनही कुणाकडे गेली तर भिंतीवरचे फोटो सरळ केल्याशिवाय ती चहाला हात लावत नाही. माझ्या नारळाच्या वड्यांचा मला थोडा अभिमान आहे. एकदा ताट पुढे केलं, तर तिनं एक वडी उचलली, डोळ्यांसमोर धरली, फिरवली आणि म्हणाली, "छान झाल्यात गं. फक्त कोपरा पाचेक अंश गेलाय." चव अजून घेतली नव्हती.

"उलटवून बघितलंस?" हा तिचा आवडता प्रश्न. तो ती गुण्यालाच लावते असं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये सांगत होते की लिफ्ट रहिवाशांच्या बेपर्वाईमुळे बंद पडते. एस्तेर उठून म्हणाली, "अच्छा. आता हेच लिफ्टच्या बाजूनं सांगा." तेव्हापासून ती लिफ्टपाशी उभी दिसली की सेक्रेटरी जिन्यानं जातात.

आता हे गुण्याचं वेड तिला कुठून लागलं ते सांगते.

एस्तेरचे यजमान शमुवेलराव तुम्हाला आठवत असतील. खुर्चीत बसलेले, गळ्याशी टाय. केंद्राच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेला, मांडीवर नॅपकिन पसरून, गप्पा मारत तासभर जेवणारा माणूस. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत आहे, बोलणंही हळूहळू परत आलं. पण बसले की शरीर डावीकडे कलतं, आणि ती मोठी चाकांची खुर्ची जेवणाच्या टेबलाखाली शिरत नाही. दुसऱ्याच्या हातून घास घ्यायचा म्हटलं की दोन घासांत त्यांचे ओठ मिटतात. मग तो हात एस्तेरचा का असेना. "पोट भरलं," म्हणतात. शर्टाची कॉलर सैल व्हायला लागली. डॉक्टरांनी एस्तेरला बाजूला घेऊन सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी घातलेला शमुवेल मी बघणार नाही, असं एस्तेर मला म्हणाली. रडली वगैरे नाही. ती पेन्सिलीला टोक करत होती.

खुर्चीसमोर लावायचं एक टेबल तिनं बाजारातून आणलं, ते डुगडुगायचं. मग तिनं मागची बाल्कनी रिकामी केली, करवत आणली, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गुण्या आणला आणि स्वतःच टेबल केलं. दिसायला छान होतं. पण पाय काटकोनात बसले नव्हते. वरणाची वाटी घसरली. शमुवेलरावांनी चमचा खाली ठेवला आणि "सॉरी, एस्तेर" म्हणाले.

"सॉरी त्या गुण्यानं म्हणायला हवं होतं," ती मला म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं गुण्या उलटवून पाहिला आणि रेघा कात्रीसारख्या फाकल्या.

मग शोध सुरू झाला. तुमच्या बाबांनी फोनवर एका विलायती गुण्याचं चित्र पाठवलं. एस्तेरनं ते मोठं करून, प्रेमानं पाहिलं आणि फोन मला परत दिला. त्या किमतीत शमुवेलरावांच्या व्यायामाचा महिनाभराचा खर्च निघतो. "शिवाय महाग आहे म्हणून खरा असेलच असं नाही," ती म्हणाली, "आणि स्वस्त सगळे खोटे असतात असंही नाही. त्यांना कुणी तपासलेलं नसतं, एवढंच."

ऑनलाइन मागवलेले गुणे येत आणि जात. एकाच्या डोक्यात पातळी बघायचा पाण्याचा बुडबुडा होता. "ही नुसती शोभा," म्हणून तिनं तो पेन्सिलही न लावता परत केला. दुसऱ्याचा स्क्रू घट्ट केला तरी डोकं हलायचं. माल परत न्यायला येणारा माणूस दारातूनच विचारायचा, "आंटीजी, ये भी टेढ़ा?" चर्चमधले पाळक भेटायला आले तेव्हा बाल्कनीतला भुसा पाहून कौतुकानं म्हणाले, "हमारे प्रभु भी तो बढ़ई थे." एस्तेर गंभीरपणे म्हणाली, "जी. पर उनके पास गुनिया कौन-सा था, ये कहीं लिखा नहीं है."

शेवटी आम्ही दोघी मेट्रोनं चावडी बाजारला गेलो. दुकानदार तरुण होता, घाईत होता. एस्तेरनं प्लायवुडचा तुकडा काउंटरवर ठेवल्यावर तो हसला.

"माताजी, नब्बे तो नब्बे ही होता है."

एस्तेरनं तीन गुणे उलटवले, तीन जोड्या रेघा ओढल्या आणि तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "बेटा, तुम्हारी दुकान में नब्बे तीन तरह का है."

तो वाकून बघत राहिला. मग त्यानं मागून एक पेटी काढली, मग दुसरी. दोघं मिळून गुणे तपासायला लागले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, त्यातले एक मिस्त्री पुढे येऊन रेघांवर मत देऊ लागले, चहा आला. मला बसायला रंगाचा डबा मिळाला. खाली, रद्दी मालाच्या ट्रेमध्ये, एक गुण्या पडला होता. डोक्याचा रंग उडालेला, स्क्रूच्या टोपीला चीर. एस्तेरनं त्याची रेघ ओढली. उलटवला. पुन्हा ओढली. डोकं सरकवलं, आवळलं, पुन्हा ओढली. लाकडावर एकच रेघ होती.

"माताजी, ये तो रिजेक्ट है."

"रंग रिजेक्ट है," एस्तेर म्हणाली. "गुनिया ठीक है."

आम्ही निघालो तेव्हा दुकानदार मागून ओरडला, "माताजी, वो फट्टा छोड़ जाइए ना!" तिनं तुकडा पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

नवं टेबल आठवडाभरात उभं राहिलं. हात टेकवून जोर दिला तरी हलेना. काठोकाठ भरलेला पेला ठेवून तिनं मला दाखवला. थेंब सांडला नाही. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावलं. टेबल तसंच होतं आणि शमुवेलरावांच्या मांडीवर भात सांडला होता. ते डावीकडे कललेले, टेबलाची कड मात्र नाकासमोर सरळ. डाव्या बाजूला ती त्यांच्या बरगड्यांना टोचत होती आणि उजवीकडे, जिथून चमचा यायचा, तिथे मोठी फट पडत होती. घास त्या फटीतून खाली जात होता. त्यांनी चमचा ठेवला होता.

"सरळ बसवूया का त्यांना?" मी म्हणाले. "उशी लावून?"

"लावून पाहिली. दुखतं त्यांना." मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "टेबल बरोबर आहे गं. पण ते असे बसतात."

तिनं पेन्सिल घेतली. गुण्या घेतला नाही. शमुवेलरावांच्या डाव्या बरगडीपाशी टेबलावर पेन्सिल टेकवली आणि त्यांच्या शर्टाच्या कडेकडेनं, ते जसे कलले होते तशी, उजव्या कोपरापर्यंत रेघ ओढत नेली. मधे ते हसले. "गुदगुल्या होतायत," म्हणाले.

"हलू नका," ती म्हणाली.

आणि आमच्या वड्यांचे पाच अंश न सोडणाऱ्या त्या बाईनं ते काटकोनातलं टेबल त्या तिरक्या रेघेवरून कापलं. पृष्ठभाग सपाट, पाय ताठ, कड वाकडी. कड घासून गुळगुळीत करायला आणखी एक दिवस गेला.

टेबल तयार झालं त्या दुपारी मी आमटी घेऊन गेले होते. शमुवेलराव टेबलाशी बसले होते आणि टेबल त्यांच्या अंगाला अगदी लागून बसलं होतं. गळ्याला टाय, मांडीवर नॅपकिन. चमचा वाटीत जात होता आणि सावकाश वर येत होता. नॅपकिन कोरडा होता.

एस्तेर बाल्कनीत होती, त्यांच्याकडे पाठ करून. समोर प्लायवुडचा तुकडा आणि तो रंग उडालेला गुण्या. एव्हाना त्या तुकड्यावर रेघ मारायला जागा उरली नव्हती, तरी ती मारत होती.

"अगं, बघ तरी," मी हळूच म्हणाले. "जेवतायत ते."

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "बघितलं की थांबतात."

हाताला येईल ती वस्तू दोन्ही बाजूंनी पाहणारी एस्तेर त्या अख्ख्या जेवणात एकदाही वळली नाही. आम्ही दोघी चमच्याचा आवाज ऐकत उभ्या राहिलो. मधे तो थांबला. तिची पेन्सिलही थांबली.

"एस्तेर," आतून शमुवेलराव म्हणाले, "लोणचं आहे का गं?"

आजारपणानंतर जेवताना त्यांनी काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. एस्तेर आत गेली, बरणीतून फोड काढली, ताटात उजवीकडे ठेवली आणि परत आली. गुण्या कडेला टेकवून तिनं रेघ ओढली. ती रेघ मधेच वाकडी गेली.

तिनं गुण्या उलटवून बघितला नाही.