जस्ताचे बिल्ले

गरिबाच्या हातात खरं नाणं पडलं की तो बिघडतो, हे सत्य श्रीमंतांनी स्वतः गरीब न होता शोधून काढलं आहे. म्हणून हॉलंडमधल्या द्रेन्थेच्या माळावरच्या आमच्या धर्मादाय वसाहतीत मजुरी जस्ताच्या बिल्ल्यांत देतात. बिल्ला फक्त वसाहतीच्या दुकानात चालतो. तिथे राईचा पाव, बटाटे आणि लाकडी जोडे मिळतात. (जोडे एकाच मापाचे. पायांनी समजून घ्यायचं.) गेल्या वर्षी चारशे बारा रहिवाशांपैकी एकानेही गावातल्या गुत्त्यावर पैसा उधळला नाही. मी इथला कारकून, मला याचा अभिमान आहे.

आमच्या फेम्मीबाई नऊ वर्षं सूत कातताहेत. आम्सटरडॅमला त्यांची एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण. बिल्ल्यांनी भरलेला मोजा घेऊन बाई कालव्यावर गेल्या.

"वुब्बे, हवं तर दुप्पट घे, पण मला पोचव. पोरीला माझ्याशिवाय कोणी नाही रे."

"मावशी, हा पत्रा काय नाव ओढणाऱ्या घोड्याला चारू?" नाववाला म्हणाला. "खरी नाणी आणा, सहा स्टायव्हर, लगेच निघू."

मग त्या माझ्याकडे आल्या. "साहेब, अख्खा मोजा ठेवून घ्या, सहाच खरी द्या."

मला फार वाईट वाटलं. पण कलम चौदाप्रमाणे रहिवाशाला खरं नाणं देता येत नाही. कलम पंधराप्रमाणे बाळंतपणासाठी रजा मात्र देता येते. ती मी तिथल्या तिथे शिक्का मारून दिली. (आमच्याकडे कामं अडत नाहीत.)

बाई दिवसभर चालत मेपेल गावाला गेल्या आणि चर्चच्या दारात हात पसरून उभ्या राहिल्या. पाच नाणी जमली. सहाव्यासाठी ज्या सद्गृहस्थांपुढे हात केला, त्यांनी शिपायाला बोलावलं. भीक मागणं गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा म्हणजे आमचीच वसाहत. वुब्बेच्याच नावेतून बाईंना सरकारी खर्चाने परत आणलं. पाच नाणी दानपेटीत जमा झाली.

पुढे लेकीचं पत्र आलं. टपालहशील पत्र घेणाऱ्याने भरायचं, तेही खऱ्या नाण्यांत, म्हणून ते परत गेलं. मुलगा की मुलगी, बाई मलाच विचारतात. मी काय सांगणार, कपाळ.

त्या सद्गृहस्थांचा यात काही दोष नाही. ते दरवर्षी वसाहतीला वर्गणी देतात, असं त्यांनीच शिपायाला सांगितलं; मग वाटेत पुन्हा कशाला द्यायचं? त्यांचं नाव मला ठाऊक नाही. पण हा मजकूर आम्ही वार्षिक अहवालात छापतो आणि अहवाल फक्त वर्गणीदारांना जातो. आपल्यापर्यंत तो पोचला, आभारी आहोत.