पाठकोऱ्या वह्या

पर्यावरणाच्या बाबतीत आमच्या घरात माझ्याइतका जागरूक माणूस दुसरा नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण घरातलं दुसरं कुणी सांगायला तयार नाही. भाज्या धुतलेलं पाणी मी कुंड्यांना घालतो, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो (आत बायको बसलेली असली तरी), आणि माझ्या खिशात कापडी पिशवी कायम असते. एकदा बायकोने विचारलं, "अहो, ती पिशवी धुवायला कधी टाकणार?" मी म्हटलं, "धुण्यात पाणी फार जातं." त्यावर ती काही बोलली नाही. आमच्याकडे ती काही बोलली नाही, की विषय संपलेला नाही असं समजायचं.

नोकरी मात्र मी प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात करतो. विक्री विभागात, गेली एकोणीस वर्षं. बसने हिंडायचं, व्यापाऱ्यांना भेटायचं, बादल्या, टब आणि मग यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि प्रत्येक भेटीचा अहवाल लिहून ऑफिसात द्यायचा. वर्षातून एकदा सगळ्या व्यापाऱ्यांचा मेळावा भरतो. त्यात कंपनीतर्फे प्रत्येकाला एक भेटवस्तू मिळते. आजवर ती प्लास्टिकची असायची. पेन झालं, घड्याळ झालं, एका वर्षी तर प्लास्टिकचं झाड दिलं होतं.

यंदा साहेबांनी मला आत बोलावलं.

"व्यापारी म्हणतायत, बाकीच्या कंपन्या पर्यावरणपूरक वस्तू देतात. तुमचा या विषयात अभ्यास आहे म्हणे?"

"आहे साहेब. तुम्ही काळजीच करू नका."

"बरं. आणि एक सांगून ठेवतो. मेळाव्यात तुमच्या बढतीची घोषणा करायचा विचार आहे. विक्री व्यवस्थापक. तेव्हा वस्तू नीट निघाली पाहिजे."

विक्री व्यवस्थापक म्हणजे स्वतंत्र खोली आणि फिरती बंद. एकोणीस वर्षं बसच्या खिडकीला टेकून झोपल्यामुळे माझी मान डावीकडे थोडी कललेली आहे. ती सरळ व्हायची वेळ आली, असं मला त्या क्षणी वाटलं.

मी जोरात कामाला लागलो. बांबूची पेनं, तागाच्या पिशव्या, बिया घातलेल्या पेन्सिली, सगळ्यांचे नमुने मागवले. तीन बांबूच्या पेनांना इतकं प्लास्टिक गुंडाळून आलं, की त्यात आमचा एक मग झाला असता. मी कंटाळून घरी आलो. बायको एका जुन्या पत्रकाच्या मागच्या बाजूवर सामानाची यादी लिहीत होती.

"नवा कागद नाही का घरात?" मी विचारलं.

"पाठकोरा असताना नवा कशाला?" ती म्हणाली.

झालं, तिथेच माझं काम झालं. आमच्या ऑफिसच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठकोऱ्या कागदांचे ढीग पडले होते. त्यांच्याच टिपणवह्या करायच्या. नवा कागद नाही, प्लास्टिक नाही. वर जाड तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर छापायचं, 'या वहीसाठी एकही झाड तोडलेलं नाही'.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली. रद्दीत काढलेला सर्वात मोठा ढीग निघाला माझ्याच भेटींच्या अहवालांचा. वरचे दहा-वीस कागद उलटून पाहिले. एका बाजूला तक्ता, लाल बादल्या इतक्या, निळ्या इतक्या. दुसरी बाजू कोरी करकरीत. मी ढीग उचलला आणि बाइंडरकडे नेला.

बाइंडर म्हातारा आणि सावध माणूस. म्हणाला, "एकदा सगळे कागद चाळून घ्या. मागून माझ्यावर नको."

"काका, हे मीच लिहिलेत. एकोणीस वर्षांत आमच्या ऑफिसात कुणी वाचले नाहीत. आता कोण वाचतंय?"

त्याने खांदे उडवले आणि दीडशे वह्या करून दिल्या. दिसायला अशा सुरेख, की एक मी घरासाठीही ठेवली.

मेळाव्याच्या दिवशी प्रत्येक खुर्चीवर एक वही. साहेब भाषणाला उभे राहिले. साहेबांचं भाषण सुरू झालं की व्यापारी हातात मिळेल ते चाळतात. त्या दिवशी वह्या मिळाल्या.

पहिल्यांदा तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग पाचव्या रांगेत. मग एक जण उठून दुसऱ्याच्या खुर्चीपाशी गेला. मला काही कळेना. मी शेजारची वही उचलली, मधलं पान उलटं केलं, आणि सगळा उलगडा झाला.

दहा वर्षांपूर्वी अहवालाचा नमुना बदलला होता. ढिगातले वरचे कागद नव्या नमुन्याचे होते. खालचे जुन्या नमुन्याचे, आणि त्या नमुन्यात शेवटी एक रकाना होता, 'व्यापाऱ्याचा स्वभाव व शेरा'. मी तेव्हा तरुण होतो. जे दिसेल ते लिहीत होतो.

'घासाघीस फार करतात. भाव आधीच चढवून सांगावा.'

'यांच्याशी बोलून उपयोग नाही. दुकान पत्नी चालवतात, हे गल्ल्यावर फक्त बसतात.'

'तब्येत कशी आहे असं विचारू नये. सांगतात.'

एव्हाना सभागृहाचा बाजार झाला होता. "माझ्याकडे तुम्ही आहात, सत्ताविसाव्या पानावर." "मी कुणाकडे आहे, जरा बघा ना." दोघे भांडीवाले तर एकमेकांचे शेरे मोठ्याने वाचून डोळे पुसत होते. साहेबांना वाटलं, वही पसंत पडली.

"इतका प्रतिसाद मी कधी पाहिला नव्हता," ते माइकवर म्हणाले. "ही कल्पना ज्यांची, त्यांना मी वर बोलावतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वर गेलो. साहेबांनी एका हाताने माझी पाठ थोपटली आणि दुसऱ्या हाताने वही उघडली. नशीब असं, की त्या पानावर व्यापारी नव्हताच. तिथे लिहिलं होतं, 'साहेब अहवाल वाचत नाहीत याची आता खात्री झाली आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहितो, गोदामाचं छप्पर गळतं.'

साहेबांनी माइक बंद केला.

"कधीपासून गळतंय?"

"अकरा वर्षं झाली, साहेब."

इतक्यात सभागृह शांत झालं. पहिल्या रांगेत तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमचे सगळ्यात मोठे व्यापारी, तीन दुकानं, बादल्यांचा चौथा हिस्सा एकटे घेतात. कुणीतरी त्यांचं पान शोधून त्यांच्या हातात दिलं होतं. चष्मा लावून ते सावकाश वाचत होते. त्यात काय होतं, ते मला न बघताही आठवलं. 'तात्या. बोलायला लागले की दोन तास. पहिल्या दुकानाची गोष्ट सांगतात. मान हलवत राहावी आणि मनात पुढच्या बसचा हिशेब करावा. ऑर्डर मिळते.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही ऐकताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीचे चिडले असते तर मी हात जोडले असते, पण हा माणूस चिडलाच नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

"तात्या, चुकलो," मी म्हणालो.

"ते असू द्या." तात्या साहेबांकडे वळले. "ऑर्डर नेहमीसारखी मिळेल. पण ती घ्यायला हेच आले पाहिजेत. यांना वर चढवून खुर्चीत बसवलंत, तर मी बादल्या दुसरीकडून घेईन."

साहेबांनी खिशातून अर्धवट बाहेर काढलेला माझ्या बढतीच्या पत्राचा लिफाफा पुन्हा आत सरकवला.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायकोने आमच्या वाटची वही आधीच वाचून काढली होती. "बाकी काही म्हणा," ती म्हणाली, "लिहायचात तुम्ही छान." त्या दिवसातलं तेवढंच एक कौतुक.

पुढच्या महिन्यात तात्यांकडे गेलो, मुद्दाम दुपारी. त्यांनी पहिल्या दुकानाची गोष्ट सुरू केली. यावेळी मी ऐकली, आणि खरं सांगतो, गोष्ट चांगली आहे. ते दुकान जिन्याखाली होतं, गिऱ्हाइकाला वाकून आत यावं लागे. तात्या एका पालथ्या बादलीवर बसत. एके दिवशी सगळा माल संपला आणि एका बाईंनी तीच बादली मागितली. तात्यांनी उठून ती विकली.

"मग तुम्ही बसलात कशावर?" मी विचारलं.

तात्या थांबले. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मग आणखी पाऊण तास त्याचंच उत्तर चाललं.

निघताना त्यांनी ती वही काढली, स्वतःचंच पान शोधलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'प्रतिनिधी आले. पावणेतीन तास बसले. एक प्रश्न विचारला. घड्याळाकडे तीनदा पाहिलं. पूर्वीपेक्षा बरे.' पान फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा तुमचा अहवाल. ऑफिसात जमा करा."

मी इमानेइतबारे जमा केला. मेळाव्यापासून साहेब प्रत्येक अहवाल अक्षरन्‌अक्षर वाचतात, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. कडेला लाल शाईत होतं, 'तीनदा का पाहिलं? लेखी खुलासा द्यावा.'

खुलासा लिहायला मी सगळं ऑफिस पालथं घातलं, पण एकही पाठकोरा कागद मिळाला नाही. शेवटी नवाच घ्यावा लागला, आणि दोनदा चुकल्यामुळे तीन लागले.