धबधब्यापाशी घातलेली मागणी

बर्दियाची योजना पक्की होती. "शेवीच्या धबधब्यासमोर उभा असलेला बाप मुलगी द्यायला नाही म्हणूच शकत नाही!" असं त्याने बहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. दोरूद शहरातल्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, त्यामुळे डोळे उघडे ठेवून स्वप्नं पाहण्याची त्याला सवयच होती. त्याने मागणीचं वाक्यही आरशासमोर घोटून ठेवलं होतं: "काका, तुमच्या घरातलं सर्वांत मौल्यवान रत्न मी जिवापाड जपेन. मला फिरोजा द्या!"

शुक्रवारी सकाळच्या गाडीने चौघे निघाले. यदुल्लाकाका, तूबाकाकू, त्यांची मुलगी फिरोजा आणि पाठीवर कलिंगड बांधलेला बर्दिया. काकांच्या बोटात नेहमीसारखी फिरोजाची, म्हणजे निळ्या पिरोजा खड्याची, अंगठी होती. ती त्यांच्या वडिलांची. आंघोळीलासुद्धा ते ती काढत नसत.

स्टेशनवर उतरून, नदीवरचा पूल ओलांडून चढण सुरू झाली. काका दर ओकच्या झाडाखाली थांबत आणि झाडाचीच चूक असल्यासारखे त्याच्याकडे बघत. फिरोजा पुढे चालत होती. तिच्या हातातली काळी किटली हलकेच वाजत होती आणि बर्दियाला ती किटली नव्हे, वरातीतला डफ वाटत होती!

शेवटचं वळण संपलं आणि चौघांची तोंडं उघडीच राहिली. अख्खा डोंगरच मधोमध फुटून पांढरा होऊन वाहत होता. तुषार हवेत तरंगत होते, त्यांत एक इंद्रधनुष्य आळसावून पडलं होतं, आणि खालचं हिरवं पाणी एवढ्या गोंधळातही झोपेत हसल्यासारखं दिसत होतं. बर्दियाला आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. हीच ती वेळ!

फिरोजा चुलीसाठी काटक्या वेचायला वाकली होती. बर्दियाने काकांना गाठलं आणि घोटलेलं वाक्य म्हटलं. पाण्याच्या गर्जनेने ते जवळजवळ सगळं गिळलं.

"काय?" काका ओरडले.

"रत्न! जिवापाड जपेन! फिरोजा! मला द्या!"

काका पांढरेफटक पडले. त्यांनी अंगठीचा हात छातीशी धरला. "ही?"

बर्दियाने त्यांच्या मागे वाकलेल्या फिरोजाकडे पाहिलं. "हीच! दुसरी कुठलीच नको!"

"माझ्या वडिलांची आहे रे!"

"हो, नाक त्यांच्यावरच गेलंय! मला आवडतं!"

"कडेला टवका उडालाय!"

"दोष माझ्यातही आहेत, काका!"

आता दोरूदची रीत अशी की, कुणी वस्तूची तारीफ केली की मालकाने "तुमचीच आहे, घेऊन जा" म्हणायचं, समोरच्याने "छे छे, भलतंच!" म्हणायचं आणि वस्तू जागच्या जागी राहायची. काका रीतीचे पक्के. ते ओरडले, "तुमचीच आहे, घेऊन जा!"

आणि तो मेला म्हणाला, "फार फार उपकार झाले!"

आता माघार कशी घेणार? काका अंगठी पिळू लागले. लेकीच्या विरहाने बाप हात चोळतोय, असं वाटून बर्दियाच्या डोळ्यांत पाणी आलं. गार तुषारांनी बोट आकसलं होतं. अंगठी निघाली. काकांनी ती बर्दियाच्या तळहातावर ठेवली आणि ते हुंदके देऊन रडू लागले. साखरपुड्याची अंगठीही सासऱ्यांनीच दिली! बर्दियाने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तोही रडू लागला.

लांबून तूबाकाकूंनी पाहिलं, दोन पुरुष गळ्यात गळे घालून रडताहेत. "जमलं गं बाई!" म्हणत त्यांनी तोंडावर हात ठेवून असा काही लग्नातला 'उलुलुलू' आनंदघोष केला की आसपासचे लोक टाळ्या वाजवत गोळा झाले. काकूंनी बरोबर आणलेली मिठाई परक्यांना वाटून टाकली! बर्दिया तरंगत फिरोजाकडे निघाला, शेवाळावर पाय पडला आणि तो थेट डोहात गेला. वर फक्त मूठ दिसत होती.

"मूठ सोडू नकोस!" काका किंचाळले. "बाकीचं राहू दे!"

लोकांनी त्याला ओढून काढलं. परतीच्या वाटेवर पहिल्या वळणाशी धबधब्याचा आवाज मंदावला. काका रिकामं बोट कुरवाळत म्हणाले, "पोरा, तिचं करणार काय तू?"

"फिरोजाच्या बोटात घालणार."

"फिरोजा बोटात घालणार म्हण."

"नाही, फिरोजाच्या! तुम्ही मला फिरोजा दिलीत ना!"

"दिली की! बोट बघ!"

दोघे थबकले. काकांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे... तुला पोरगी हवी होती?"

"मग दुसरं काय?"

"देवा, तुझे लाख उपकार! नुसती पोरगीच!" काकांनी अंगठी हिसकावून बोटात घातली आणि त्याला कडकडून मिठी मारली. "ने बाबा, ने!"

"नुसती?" तूबाकाकू गरजल्या.

फिरोजाने किटली खाली ठेवली. "अंगठी देताना हुंदके, आणि मला देताना हसू! आणि तू रे? माझ्या बापाला विचारलंस, त्या अंगठीला विचारलंस. मला?"

चिंब भिजलेला बर्दिया तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आत्ता विचारतो!"

"इथे नाही. वर चल. तिथे विचार."

"तिथे काही ऐकू येत नाही गं!"

"म्हणूनच. नीट ओरडावं लागेल."

दोघे पुन्हा वर गेले. खालून काका-काकूंना दिसत होतं. बर्दिया ओरडतोय, फिरोजा कानाशी हात नेऊन मान हलवतेय. "काय?" तो पुन्हा ओरडतोय. पुन्हा मान. तुषारांत दोघे धूसर होत गेले, इंद्रधनुष्य त्यांच्या खांद्यांवर उतरलं आणि कधीतरी ती मान आडवी हलायची थांबून हळूच खाली झुकली. तिला पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं, हे ती आजतागायत कबूल करत नाही.

मग मात्र दरीतून एक आवाज आला, आणि तो चौघांनाही अगदी स्वच्छ ऐकू आला. शेवटच्या गाडीची शिट्टी. गाडी सुटली होती!