म्बाह जारवोंचा डी

"पत्ता एक, संकेतस्थळं तीन! इंटरनेटच्या आणखी दोन लाइनी घ्यायला मी काय वेडा आहे?" हेंदार्तो छाती फुगवून बायकोला सांगत होता.

सोलो शहरातल्या त्याच्या घरात, मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर अखंड घुमत असत. पहिल्यावर आळीतल्या शोकवार्ता, दुसऱ्यावर गामेलान या पारंपरिक वाद्यवृंदाच्या शिकवणीचं वेळापत्रक आणि तिसऱ्यावर नुकतंच चढवलेलं लेकीच्या, चाह्याच्या, लग्नाचं निमंत्रण. बाहेरच्या जगाला मात्र पत्ता एकच. दारात फायरवॉल आणि तिच्याशेजारी एक दारवान प्रोग्राम. आलेला माणूस कोणाचं नाव घेतो ते ऐकायचं आणि त्याला त्या कॉम्प्युटरकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम.

"आणि नाव चुकीचं घेतलं तर, मास?" पुर्वांतीने नवऱ्याला विचारलं.

"तर यादीतल्या पहिल्या कॉम्प्युटरकडे. पण कोण चुकतंय गं!"

चुकणारा घरातच होता. हेंदार्तोचे वडील जारवो, ऐंशी पार केलेले निवृत्त मास्तर. आजोबा या अर्थी सगळी आळी त्यांना म्बाह म्हणे. पूर्वी त्यांच्या भाषेत रोमन लिपीतून 'च' लिहायला टी आणि जे अशी दोन अक्षरं लागत, 'ज'ला डी आणि जे. बहात्तर साली सरकारने 'च'ला नुसता सी आणि 'ज'ला नुसता जे ठेवला. देशाने मुकाट्याने मान्य केलं, म्बाहनी नाही. त्यांचे जिवलग मित्र तुकिमान तेव्हा त्यांच्याच शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी पाटीवरच्या म्बाहच्या नावातला डी स्वतःच्या हाताने खरवडून काढला. तेव्हापासून दोघांत अबोला. पन्नास वर्षं, आणि एकाच शहरात राहून!

नातीचं लग्न ठरलं आणि म्हाताऱ्याला पाझर फुटला. त्यांनी गुपचूप पत्र लिहिलं: 'तुकिमान, पुरे झालं आता. उशीर होण्याआधी ये. बाकी सगळं खालच्या पत्त्यावर.' लग्नाचा उल्लेखसुद्धा नाही. मास्तरांना पाल्हाळ आवडत नसे. खाली चाह्याच्या नावाचं संकेतस्थळ, अर्थातच जुन्या स्पेलिंगमध्ये.

पत्र टाकल्यापासून ते रोज फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले.

"कोणाची वाट बघताय, बापाक?"

"कोणाची नाही."

हेंदार्तोला वडिलांचा चेहरा बघवेना, पण त्यांच्याकडून एक शब्द निघेल तर शपथ!

लग्नाची सकाळ उजाडली. नारळाच्या पिवळ्या झावळ्यांच्या कमानीखाली एक सायकलरिक्षा येऊन थांबली. आत काळी टोपी घातलेले तुकिमान आणि त्यांच्या डोक्यावरून वर गेलेला फुलांचा फलक. त्यावर ठळक अक्षरांत: 'जारवो यांना अखेरचा निरोप'.

"मास! आजच्या दिवशी हे काय अभद्र!" पुर्वांती किंचाळली. हेंदार्तो फलक उलटा करायला धावला. तेवढ्यात खुर्चीतले म्बाह उठून उभे राहिले.

"तुकिमान!"

तुकिमाननी रिक्षाचा दांडा घट्ट धरला. "तू... जिवंत?"

"मेलो म्हणून कोणी सांगितलं तुला?"

"तुझ्याच पत्त्याने! इतके दिवस पत्र फोडलंच नव्हतं. काल फोडलं आणि टी काय, जे काय, एकेक अक्षर शोधत मोबाइलवर टाइप केलं. उघडतो तर काळी चौकट! 'दिवंगतांसाठी दोन शब्द लिहा.' आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पद्धतीने लिहिलं रे, आणि तू मेलास!"

हेंदार्तोने कपाळावर हात मारला. दारवानाला सी ठाऊक, टी-जे नाही. अनोळखी नाव दिसताच त्याने म्हाताऱ्याला इमानेइतबारे पहिल्या कॉम्प्युटरकडे, शोकवार्तांत नेऊन सोडलं होतं!

म्बाहचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते फलक वाचत होते. त्यांच्या नावात डी होता, पांढऱ्या शेवंतीचा, चांगला हातभर उंच.

"डी लावलास?" त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं.

"मेलेल्या माणसाशी कसला वाद घालायचा? सगळं माफ करून टाकलं होतं. आता जिवंत निघालास, म्हणजे पुन्हा विचार करायला हवा!"

म्बाह हसायला लागले, मग तुकिमान. हसता हसता दोघेही कधी रडायला लागले ते कोणालाच कळलं नाही. हेंदार्तोला इतका आनंद झाला की फलक अजून आपल्याच हातात आहे हे तो विसरून गेला.

दुपारी दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी बसून जेवले. हेंदार्तो ओशाळून लॅपटॉप घेऊन आला.

"बापाक, दोन मिनिटांचं काम आहे. जुनं स्पेलिंगही यादीत घालून टाकतो. पुन्हा असा घोळ नको."

म्बाहनी हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

"राहू दे तसंच. अजून चौघांशी अबोला आहे, त्यांनाही पत्रं टाकायचीत."